दह्याची माकडटोपी

माझ्या पहिल्या शोधाचं आयुष्य सव्वीस तासांचं होतं. गुरुवारी दुपारी तीन वाजता तो लागला आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर, हिंगाच्या डबीमागे सापडला. मधल्या वेळात तो पुण्यापर्यंत जाऊन आला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्यात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते. आमचं गाव संगमनेरपासून एसटीने तासाभरावर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे मी काय शिकते हे घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं, पण जे काही शिकते ते चांगलंच असणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. आण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध संकलन केंद्रावर दूध तपासायला होते. आई चौथी शिकलेली. घर, दोन गाई आणि आण्णा ती सांभाळायची.

त्या जानेवारीत आमचे पुण्याचे गाईड परदेशातल्या एका सिंक्रोट्रॉनवर काम करायला मिळावं म्हणून अर्ज पाठवणार होते. सिंक्रोट्रॉन म्हणजे एखाद्या गावाला वेढा घालील एवढी मोठी गोल नळी. तिच्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरत असतात आणि फिरता फिरता क्ष-किरण फेकतात. दवाखान्यातले क्ष-किरण हे घोडेगावचा जनावरांचा बाजार सुटल्यावर रस्त्याला लागलेल्या गर्दीसारखे असतात. सगळे निघालेले, पण ज्याचं त्याचं पाऊल वेगळं. या नव्या यंत्रांतून मात्र, अगदी बारीक भोकातून निवडून घेतले, तर पंधरा ऑगस्टच्या लेझीम पथकासारखे किरण मिळतात. सगळे एका ठेक्यात. असे एका ठेक्यातले किरण पदार्थावर टाकले की पलीकडे सपाट उजेड पडत नाही, बारीक ठिपक्यांची दाणेदार नक्षी पडते. आतले कण जसे बसलेत तशी नक्षी. कण हलले की ठिपके हलतात, कण थांबले की ठिपके थांबतात. पदार्थ न फोडता त्याच्या पोटात काय चाललंय ते कळतं.

मला हे सगळं त्या वेळी इतकं सुंदर वाटायचं की जेवताना ताटातल्या कण्यांकडेसुद्धा मी संशयाने बघायचे.

अर्जात एकाच पदार्थाला जागा होती, आणि ज्याचा पदार्थ निवडला जाईल तोच परदेशी जाणार होता. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका सीनियरचा पदार्थ तयार होता. माझ्याकडे फक्त कल्पना होती: पातळ पदार्थ घट्ट होताना त्याच्या आतली हालचाल कशी मंदावते, ते मोजायचं. गाईड म्हणाले, "लेसरचा प्रकाशही एका ठेक्यातला असतो. आधी लेसरने करून दाखव. दूध घे. दुधाचं दही होतं याबद्दल जगात कुणी वाद घालणार नाही. सोमवारी सकाळी दहाला अर्ज जाईल. त्याआधी मला एक आलेख हवा."

पुण्यातला लेसर महिनाभर सीनियरच्या ताब्यात होता. म्हणून मी संगमनेरला माझ्या जुन्या कॉलेजात गेले. तिथले सर मला बी.एस्सी.ला शिकवायचे. माझ्यासारख्या किती जणींना त्यांनी हाताला धरून पुढे ढकललंय, त्याची मोजदाद त्यांनीही ठेवलेली नाही. कपाटातला एकुलता एक लेसर त्यांनी लाकडी खोक्यात, कापसात घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "फुटला तर मला सांगायला येऊ नकोस. सरळ परदेशात निघून जा."

एसटीत कंडक्टरने खोक्याकडे बोट केलं. "ताई, काय हाय?"

"लेसर आहे. नाजूक आहे."

"मग मांडीवर घ्या. खड्डे आमच्या हातात न्हाईत."

तासभर तो लेसर मी लहान भावंडासारखा मांडीवर घेऊन बसले.

*

घरी बाजरीची पोती ठेवायची एक खोली होती. तिच्या खिडकीला मी गोणपाट ठोकलं. पाटावर लेसर, त्याच्यासमोर दुधाची बाटली, बाजूच्या भिंतीवर पांढरा कागद. कागदाला सुईएवढं भोक, भोकामागे उजेड ओळखणारी एक टिकली आणि तिला जोडलेला काट्याचा मीटर. ठिपके हलले की काटा थरथरायचा. किती घरं थरथरतो ते दर पाच मिनिटांनी वहीत लिहायचं. दह्यासाठी बाटल्या हव्या होत्या त्या आईकडेच मिळाल्या. गाईंच्या डॉक्टरांनी टाकलेल्या इंजेक्शनच्या काचेच्या बाटल्या ती उकळून, धुऊन ठेवायची. ती काहीच टाकायची नाही. पुढे जे घडलं त्याचं मूळ तिथेच होतं.

लेसर लावला. कागदावर लाल झिलमिल उमटली. आई दारात उभी होती. बराच वेळ बघून म्हणाली, "ह्या तर मुंग्या हायेत."

"मुंग्या नाहीत आई, दुधातले कण हलतात त्याची..."

"लाल मुंग्या. वारूळ फुटल्यावानी." ती निघून गेली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्या ठिपक्यांना मुंग्या हेच नाव पडलं. खरं सांगायचं तर ते नाव फार चपखल होतं. दूध पातळ असताना नुसती झिलमिल. विरजण काम करायला लागलं की मुंग्या एकेक वेगळ्या दिसू लागतात, मग त्यांची लगबग कमी होते, आणि दही लागलं की प्रत्येक मुंगी आपल्या जागी गप्प.

निदान तसं व्हायला हवं होतं. अडचण थंडीची होती. लाईट सकाळी दहाला यायची आणि चारला जायची. त्या सहा तासांत दही लागायला हवं, आणि जानेवारीतल्या गारठ्यात चार बोटांच्या बाटलीतलं दूध दहा मिनिटांत गार पडायचं. मंगळवारी चारपर्यंत झिलमिल. बुधवारी चारपर्यंत झिलमिल.

"थंडीचं विरजण उघडं ठिवतात व्हय?" आई म्हणाली. "त्याला गुंडाळ. चुलीपाशी ठिव."

"गुंडाळलं तर उजेड आत कसा जाईल? आणि चुलीपाशी लेसर कसा ठेवू?"

"तुला दही लावायला शिकवलं कुनी?"

"तूच."

"मग माजं ऐक की."

मी तिला समजावलं की प्रयोगात एकेक गोष्ट काटेकोर ठेवावी लागते, असं मनाला येईल तसं गुंडाळून चालत नाही. तिने ऐकून घेतलं. 'तिने ऐकून घेतलं' याचा आमच्या घरातला अर्थ मला तेव्हाच आठवायला हवा होता.

दरम्यान गावात बातमी पसरली होती की आण्णांच्या मुलीने पुण्याहून लाल बॅटरी आणली आहे आणि तिने दुधातलं पाणी दिसतं. शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या.

"पोरी, ह्यात पानी दिसतं व्हय?"

"नाही काकू, फक्त हालचाल दिसते."

"हालचाल कुनाची?"

"दुधातल्या कणांची. ते पाण्यात इकडेतिकडे..."

"म्हंजी पान्याचीच की!" काकू उठल्याच. बुधवारी रात्री आण्णा जेवताना म्हणाले, "आज केंद्रावर लई घट्ट दूध आलं. काही जनांचं तर मी दोनदा तपासलं, मलाच इश्वास बसंना. तुजं ते यंत्र अजून महिनाभर ऱ्हाऊ दे."

*

गुरुवारी अडीच वाजेपर्यंत काटा सात-आठ घरं थरथरत होता. म्हणजे आणखी एक दिवस वाया. आई आत आली.

"सकाळपासून पोटात काही न्हाई. शेंगोळे केलेत. जा, जेवून घे. मी बसते."

हुलग्याचे शेंगोळे, लसणाचा ठेचा, थंडीचे दिवस. मी तिला काटा कसा वाचायचा ते दाखवलं. ती म्हणाली, "काटाच बघायचा ना? तो काय पळून जातो?"

मी दोनदा वाढून घेतलं. परत आले तेव्हा तीन वाजले होते. कागदावरच्या मुंग्या गप्प होत्या. काटा गप्प होता. आई पदर सावरत म्हणाली, "थांबल्या बघ." वहीत तिच्या अक्षरात लिहिलं होतं: आठ, सात, आठ, शून्य, शून्य.

मी ओरडलेच. आठवरून थेट शून्य! मधलं काहीच नाही. दूध हळूहळू घट्ट होईल असं सगळी पुस्तकं सांगत होती आणि माझं दूध पायरीवरून उडी मारावी तसं एका क्षणात दही झालं होतं. मी तशीच फाट्यावरच्या एसटीडी बूथवर पळाले.

गाईड एरवी शांत माणूस. त्या दिवशी त्यांचा आवाज वर गेला. "अचानक? पायरीसारखं? उद्या पुन्हा कर. पुन्हा तसंच आलं तर अर्जाचा पहिला परिच्छेद तोच. आणि मग तूच जायचं."

शुक्रवारी मी बाटलीसमोरून हलले नाही. दहापासून अडीचपर्यंत झिलमिल. मग आईने आतून हाक मारली, गुळाच्या पोळ्या तव्यावरून उतरत होत्या. मी वीस मिनिटांसाठी गेले आणि आले तर मुंग्या गप्प! सूक्ष्म जगात बघणाऱ्याच्या बघण्याने फरक पडतो, असं मी शिकले होते. पण माझं दूध मी समोर असताना दही व्हायला लाजत होतं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. त्याचं मला जरा नवल वाटलं. नवल वाटायच्या जागी संशय यायला हवा होता, पण पोट भरलेलं होतं. पुन्हा बूथ. गाईड म्हणाले, "पहिला परिच्छेद लिहायला घेतो." सीनियरचा पदार्थ त्यांनी मागे ठेवला होता.

परत आले तोवर लाईट गेली होती. मी मेणबत्ती लावून आवराआवर सुरू केली. बाटली उचलली आणि पाटावर राखेचं गोल कडं दिसलं.

बाजरीच्या खोलीत राख कुठून येणार? मी बाटली उलटी केली. बुडाला राख. चिकटपट्टीवर माझ्या चौथ्या प्रयोगाचा आकडा होता, चार. पण तो चार माझा नव्हता. माझा चार घाईत पळतो. हा चार सावकाश काढलेला, ओळीवर नीट बसवलेला होता. चौथीच्या वर्गात बाईंनी शिकवलेला चार.

मी स्वयंपाकघरात गेले. फळीवर मिठाची बरणी, हळदीचा डबा, हिंगाची डबी. डबीमागे दोन बाटल्या. एकीवर माझा तीन, दुसरीवर माझा चार. दोन्हींत पातळ दूध, थोडं आंबूस झालेलं.

आई चुलीत काटक्या सारत होती.

"आई, हे काय आहे?"

"बाटल्या."

"माझ्या बाटल्या इथं कशा आल्या?"

"मग काय टाकून दिऊ? दूध हाय त्यात."

"मग यंत्रासमोर कोणत्या होत्या?"

"त्या माज्या." तिच्या चेहऱ्यावर जराही चोरी नव्हती. "तुजंच दूध, तुज्याच वाटीतलं विरजण. फकस्त चुलीच्या वैलापाशी फडक्यात ठिवलं सकाळपासून. चांगलं कवडीदार लागलं. मग तू जेवायला बसलीस का बदलायची. काय वावगं केलं?"

"आई! मला ते दही होताना बघायचं होतं!"

"झाल्यावर बघितलंस की. दोनदा. नाचत हुतीस."

"पण ते खोटं..."

"दही काय खोटं असतं व्हय? चाखून बघ." मग आवाज जरा खाली आला. "रोज चार वाजले का तोंड एवढंसं करून बाहेर येतीस. सोमवारी त्यो अर्ज जायचा. पोरीचं लांब जायचं दह्यापायी अडावं? मला न्हाई बघवलं."

इतक्यात आण्णा केंद्रावरून आले. मी सगळं सांगितलं. ते उंबऱ्यावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता टोपी पडली, ती उचलायचंही त्यांना सुधरेना.

"चौदा वर्षं," ते म्हणाले, "पानी घालनारे धरले, साखर घालनारे धरले, पीठ घालनारे धरले. आन माज्याच घरात दूध बदलतंय आन मला पत्ता न्हाई!"

"हसताय काय? मी सरांना सांगितलंय! त्यांनी लिहायला घेतलंय!"

आण्णांनी हसू आवरलं. मी खरं तेच सांगते: त्या घडीला माझ्या मनात येऊन गेलं की कुणाला काय कळणार आहे? बाटल्या फळीवर, आई गप्प बसेल, आलेख तर इतका देखणा. सांगितलं तर सीनियर जाईल, आणि मी पुन्हा कधी जाईन कोण जाणे. मी हे बोलले नाही. पण आण्णांना चौदा वर्षं लोकांचे चेहरे वाचायची सवय होती.

"लॅक्टोमीटर जिथं तरंगतो तिथला आकडा आपन वाचायचा," ते म्हणाले. "आपल्याला बरा वाटंल तिथला न्हाई. जा, फोन कर."

"सर चिडतील."

"तुज्या आईवर चिडतील. तिला सवय हाय."

*

बूथवर नेमकी गर्दी होती. काचेचं दार बंद व्हायचं नाही. मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगू लागले, "सर, त्या दोन्ही वेळा नमुना... म्हणजे नमुन्यात बदल... बाहेरून हस्तक्षेप झाला होता..."

"म्हणजे काय? नीट सांग," गाईड.

बूथवाला काका खुर्चीतून ओरडला, "आईनं बाटली बदलली म्हना की सरळ! गावाला ठावं झालंय!"

गावाला पाच मिनिटांत कसं कळतं, हा शोध अजून कुणी लावलेला नाही. पलीकडून कुणीतरी ठसका लागल्यासारखा आवाज काढला. गाईड हसत होते.

"बरं झालं आज सांगितलंस," ते शेवटी म्हणाले. "सोमवारी दहापर्यंत मी थांबतो. एक खरा आलेख दे. कुरूप असला तरी चालेल. नाही आला तर मग दुसरा पदार्थ."

मी घरी आले. आई चुलीसमोरच बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "थंडीचं विरजण कसं गुंडाळायचं ते सांग."

ती माझ्याकडे बघेना, पण ताबडतोब उठली. शनिवारचा सगळा दिवस आम्ही दोघींनी त्यात घालवला. तिने तुपाच्या रिकाम्या डब्यात वाळू घातली, ती चुलीवर कोमट केली. किती कोमट? "हात ठिवून धा मोजता आले पायजेत." मी थर्मामीटर लावला, बेचाळीस अंश. तिने दुसऱ्यांदा केली, पुन्हा बेचाळीस. त्यानंतर मी थर्मामीटर बाजूला ठेवला नाही, पण त्याच्यावरचा माझा अभिमान बाजूला ठेवला. बाटलीचं बूड वाळूत रोवलं. वरचा अर्धा भाग उघडा राहत होता, त्याला थंडी लागणार. कशाने झाकायचा? उजेड आत जायला हवा आणि बाहेर यायलाही हवा.

आई आण्णांची माकडटोपी घेऊन आली. लोकरीची, विटकरी रंगाची, चेहऱ्याला भोक असलेली. बाटलीवर चढवली, भोक पुढे केलं. लेसर बरोब्बर त्या भोकातून आत जात होता आणि त्याच भोकातून मुंग्या भिंतीवर येत होत्या. माझं दूध यंत्रासमोर पहाटेच्या दूधवाल्यासारखं बसलं होतं.

"माजी टोपी!" आण्णा म्हणाले. "मी काय घालू?"

"दोन दिस मफलर गुंडाळा. पोरीला लांब जायचंय."

रविवारी दहाला सुरुवात केली. बारापर्यंत झिलमिल. साडेबाराला मुंग्या वेगळ्या दिसू लागल्या. काटा आठ घरांवरून सात, साडेसहा, सहा. एकदम नाही, कुरकुरत, मध्येच पुन्हा सातवर जाऊन. गुरुवारच्या उडीइतकं देखणं त्यात काही नव्हतं, पण ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं.

अडीचला काटा दोन घरांवर आला आणि तिथेच अडला. पाऊण तास दोनच. चारला लाईट जाणार. मी सकाळपासून जागची हलले नव्हते आणि आता उठणं भागच होतं. वाचन सोडून चालणार नव्हतं. आई दारात उभी होती.

"जा. मी बसते," ती म्हणाली.

मी एक गोष्ट केली, जिची मला आजही थोडी लाज वाटते. उठण्याआधी कागदावरच्या आठ मोठ्या मुंग्यांभोवती पेन्सिलने बारीक गोल काढले. ही नक्षी त्या पदार्थाची एकट्याची असते. दुसरी बाटली ठेवली, अगदी त्याच दुधाची, तरी मुंग्या दुसरीकडे बसतात. एका ठेक्यातल्या प्रकाशापुढे बाटली बदलून लपता येत नाही. हे मला गुरुवारीही माहीत होतं, फक्त स्वतःच्या घरात वापरायचं सुचलं नव्हतं.

परसातून परत आले तेव्हा आई पाटासमोर मांडी घालून बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. वहीत तिचे आकडे होते: दोन, दीड, दीड. मी कागदाकडे बघितलं. सहा मुंग्या आपल्या गोलात होत्या. दोन जरा सरकल्या होत्या, गोलाच्या कडेवर. म्हणजे तीच बाटली, आणि अजून किंचित जिवंत.

"हात न्हाई लावला," आई म्हणाली. "लई वाटलं. वैलापाशी एक लावून ठिवलेली हाय. पन न्हाई लावला."

मग तिने कागदाकडे बोट केलं. "हे गोल कसले?"

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, या वेळी खरोखर. "म्हंजी माज्यावर पहारा बसवला व्हय?"

"हो."

"बरं केलंस." ती हसली. "मला बी माजा भरवसा नव्हता."

चारला दहा मिनिटं कमी असताना आठही मुंग्या गोलाआत-गोलाकडेला थांबल्या आणि पुन्हा हलल्या नाहीत. आम्ही दोघी लाईट जाईपर्यंत त्यांच्याकडे बघत बसलो.

सगळे आकडे मी बूथवरून गाईडना वाचून दाखवले, ते तिकडे आलेख काढत होते. आठ, आठ, साडेसात, आठ, सात. वाचता वाचता अर्धा तास गेला. दुसऱ्या दिवशी गावातल्या एकाने मला फाट्यावर गाठून हळूच विचारलं, "ताई, ते आकडे कुठल्या बाजाराचे? मी दोन लावले हुते, एक बी आला न्हाई."

*

अर्ज गेला. त्यात नमुन्याच्या उष्णतेविषयी लिहिलं होतं, 'साधं लोकरी आवरण'. त्या लोकरीचा रंग आणि मालक कुणी विचारला नाही. उन्हाळ्यात उत्तर आलं: तीन दिवस मिळाले, आणि कुरूप आलेखाचं खास कौतुक होतं, कारण त्यात अडखळणं दिसत होतं. सीनियरने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "माझ्या पदार्थाला आई नव्हती ना, तिथेच मी मागे पडलो." संगमनेरच्या सरांना लेसर परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी खोकं उघडून बघितलं आणि म्हणाले, "फुटला नाही? तरी जातेस?"

परदेशातल्या त्या सिंक्रोट्रॉनवर दूध नव्हतं, ते फक्त कल्पना चालते हे दाखवण्यापुरतं होतं. तिथे काचेच्या अतिशय बारीक कणांची, हळूहळू घट्ट होणारी लापशी होती, जी माझ्या डोळ्यांना अपारदर्शक आणि त्या किरणांना उघडी. तिला एका शिशाच्या भिंतींच्या खोलीत ठेवायचं, खोलीत कुणी नाही ना हे फिरून बघायचं, एकामागोमाग बटणं दाबायची, दार लावायचं, किल्ली फिरवायची. दार उघडं असलं तर किरण आत येतच नाहीत. बाहेरच्या पडद्यावर पहिल्यांदा ठिपके उमटले तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या परक्या शास्त्रज्ञांना त्यात काय दिसलं, माहीत नाही. मला लाल नसलेल्या मुंग्या दिसल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी फाट्यावरच्या बूथला फोन लावला. काकाने आईला बोलवायला माणूस धाडला. दहा मिनिटांनी मी पुन्हा लावला तेव्हा ती धापा टाकत होती.

"झालं का गं?"

"सुरू झालंय. आई, इथे आत कुणालाच जाता येत नाही. शिशाचं दार आहे, किल्ली आहे. कुणी बाटली बदलूच शकत नाही."

आई विचार करत होती, त्या दाराचा नव्हे, हे मला कळायला हवं होतं.

"मंग त्याला थंडी वाजली," ती म्हणाली, "तर टोपी कोन घालतं?"